वेलांटी आधी

जमुनाची बोटं कधी गप्प म्हणून बसत नसत. बसची वाट बघताना डब्याच्या झाकणावर, भाकरी थापून झाली की परातीच्या काठावर, अगदी सासूच्या दहाव्याला बायकांत बसलेली असतानासुद्धा पदराखाली मांडीवर, तिची दहाच्या दहा बोटं टकाटक चालू. समोरचा जे बोलेल ते ती टाइप करायची. "वहिनी, नळाला पाणी आलं का?" असं शेजारीण विचारायची, आणि तिचं वाक्य संपतंय न संपतंय तोवर जमुनाच्या मांडीवर ते उमटून झालेलं असायचं, प्रश्नचिन्हासकट. नवरा वैतागायचा. "अगं, मी बोलतोय की जबानी देतोय?" म्हणायचा. एकदा झोपेत तिचा उजवा हात त्याने धरून ठेवला, तर डावा सुरू झाला. जित्याची खोड, दुसरं काय!

नवरा म्हणजे रामकिसन घोडके. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात बॉयलरवर होता. परभणीकडून लग्न करून त्याने जमुनाला इथे आणली ते साल एकोणऐंशी. दहा बाय बाराची भाड्याची खोली, समुद्राकडून येणारा खारा वारा आणि वसाहतीकडून येणारा आंबूस वास, आणि दिवसभर करायला काही नाही. दहावी झालेली पोर चार भिंतींत येडी व्हायची वेळ आली. शेवटी तीच म्हणाली, मी टायपिंग शिकते. रोज गाडीने पालघरला जायची. तिथे एका माडीवर क्लास होता. क्लासचे सर कळफलकावर लाकडी पेटी पालथी घालायचे, दोन्ही बाजूंनी हात आत घालायला भोकं ठेवलेली. बोटं दिसता कामा नयेत. "डोळे कागदावर, बोटं घरी!" असं ते ओरडायचे. घर म्हणजे मधली ओळ. कुठलंही अक्षर मारा, बोटाने परत आपल्या घरी यायचं.

आता इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे झालं. मराठी टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची आणि अक्षर नंतर. 'दिवा' लिहायचा तर आधी वेलांटी, मग द, मग वा. का, तर कागदावर ती अक्षराच्या डावीकडे उभी असते म्हणून. रफाराचं उलट. अक्षर आधी, रफार मागून येऊन त्याच्या डोक्यावर बसणार. टाइपरायटर बिचारा अडाणी, जसं मारू तसं उमटवणार. सरांनी हे इतकं घोटून घेतलं, की 'किती वाजले' असं कुणी विचारलं तरी जमुनाच्या बोटाला आधी वेलांटी आठवायची आणि मग क.

परीक्षा पास झाली आणि रामकिसनच्याच कारखान्यात ती टायपिस्ट म्हणून लागली. ऑफिसात मराठी टाइपरायटर एकच, आणि तो तिचा. तिचं नाव झालं ते मात्र वेगळ्याच गोष्टीने. वीज शेजारी तारापूरला तयार व्हायची आणि जायची आमच्याकडची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा! दिवे गेले की ऑफिसातले सगळे हुश्श करून चहाला सुटायचे, आणि काळोखातून टकाटक आवाज येतच राहायचा. जमुनाने वाक्य एकदा वाचलेलं असलं की तिला दिव्याची गरज नसे. मॅनेजर मूर्तिकर साहेब पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला आणायचे. "आमच्या घोडकेबाई. यांना अंधारात दिसतं बरं का!" पाहुणे हसायचे. जमुनाला त्या हसण्याचं काही वाटायचं नाही. उलट आत कुठेतरी बरंच वाटायचं. परक्या मुलखात, हजार माणसांच्या कारखान्यात आपल्याला नावाने ओळखतात, हे काय थोडं झालं?

मूर्तिकर साहेब माणूस वाईट नव्हता, पण नावाच्या बाबतीत भारी हळवा. लोक 'मूर्तीकर' असं दीर्घ लिहीत. साहेब लाल पेनने गोल करून कागद परत पाठवायचे. "ऱ्हस्व, बाई, ऱ्हस्व! आमच्या सात पिढ्या ऱ्हस्व आहेत!" चौदा वर्षांत जमुनाच्या हातून ती वेलांटी एकदाही चुकली नाही.

चौऱ्याण्णव साली ऑफिसात कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी जुन्या फायलींची खोली रिकामी केली. खिडकी मुळातच नव्हती, धूळ नको म्हणून दाराच्या फटींनाही चिकटपट्ट्या लावल्या, थंडगार एसी बसवला, आणि चपला बाहेर काढूनच आत जायचं असा हुकूम निघाला. देवळापेक्षा सोवळं जास्त! त्याच्याबरोबर कमलाकांतही आला. केळव्याचा बावीस वर्षांचा पोरगा, बोईसरला सहा महिन्यांचा कोर्स केलेला, बोलायला गोड, जमुनाला 'ताई' म्हणायचा. आणि साहेबांनी दोघांना बोलावून सांगून टाकलं, की मशीन एक, माणूसही एकच लागेल. महिनाभर दोघांनी हात बसवा. ज्याचं काम चोख, त्याच्याकडे कॉम्प्युटर. दुसऱ्याला पॅकिंग खात्यात घेऊ, पगार तोच राहील.

पगार तोच! पॅकिंग खातं म्हणजे पत्र्याची शेड, रंगाची भुकटी, पिंपांची ने-आण. तिथे नखं पिवळी होतात ती कायमची. आणि तिथे टाइप करायला असतं काय, कपाळ?

तिने पुठ्ठ्यावर कॉम्प्युटरचा कळफलक काढून घरी आणला. अक्षरांच्या जागा वेगळ्या होत्या, त्या तिने आठ दिवसांत पाठ केल्या. जागांचं दुःख नव्हतं. दुःख होतं वेलांटीचं. कॉम्प्युटर म्हणे बोलतो तसं लिहायचं. आधी द, मग वेलांटी. आधी रफार, मग त्याच्याखालचं अक्षर. जमुना सवयीने वेलांटी आधी मारायची आणि ती शेजारच्याच अक्षराला जाऊन चिकटायची. पडद्यावर ते दिसलं की ती जीभ चावायची, मागे यायची, दुरुस्त करायची. महिनाभरात पडद्यावर नजर ठेवून ती बिनचूक लिहायला लागली. पण शिकले होते ते डोळे. बोटं शिकली नव्हती. हे तिला कळत होतं, आणि म्हणून ती बेचैन होती. रात्री झोप नाही, भाजीत मीठ दोनदा, रामकिसनने काही विचारलं की अंगावर धावून जायची.

"अगं, एवढं काय त्या मशीनचं!" तो म्हणाला. "मी अठरा वर्षं वाफेपुढे उभाय. तू शेडमध्ये उभी राहिलीस तर काय आभाळ कोसळतंय?"

"तुमच्या हातून बॉयलर काढून घेतला आणि हातात झाडू दिला, तर कसं वाटेल?"

तो उठून चपला शोधायला लागला. खरं होतं ना ते.

महिनाअखेरीचा शुक्रवार उजाडला. सकाळी कमलाकांतने मालाचा तक्ता करून दिला, अगदी आखीव. जमुनाची पाळी दुपारची. काम होतं पॅकिंग खात्यातल्या कंत्राटी बायकांच्या यादीचं. एक तारखेपासून नवा नियम येणार होता. यादीत नाव असेल तिलाच फाटकातून आत सोडायचं. कंत्राटदाराच्या वहीत नावांचा नुसता सावळागोंधळ. कुणाची ठमी तिथे ठमाबाई झालेली, कुणाची साखर शकुंतला. मागच्याच महिन्यात नाव जुळत नाही म्हणून दोघींना दोन दिवस फाटकाबाहेर बसवलं होतं. तेव्हा साहेब म्हणाले, त्या वहीवर जाऊ नका. बायकांची मुकादमीण आहे ना, नवसी, तिला बसवा शेजारी आणि तिच्या तोंडून लिहून घ्या. एकतीस बायका आहेत. वर 'प्रति, श्री. मूर्तिकर' घाला. पाचला मी पालघरला निघतो, कागद माझ्या हातात पाहिजे.

नवसी डोंगराकडची. रोज पहाटे बायकांचा ताफा घेऊन ट्रकमधून उतरायची. वाचता येत नव्हतं, पण एकतिसांपैकी कोण आलंय, कोण बाळंत झालंय, कोणाला ताप आहे, सगळं तिच्या डोक्यात. चपला नव्हत्याच, म्हणून काढायचा प्रश्न आला नाही. एसीच्या गारठ्यात पदर गुंडाळून ती स्टुलावर बसली.

"बाय, हितं हिवाळाच हाय की गं!"

जमुना हसली, पान उघडलं, बोटं घरी ठेवली. आणि दिवे गेले.

खोली मिट्ट काळी. एसीचा घरघराट थांबला. पडदा मालवला. पण टेबलाखालची बॅटरीची पेटी 'टूं… टूं…' करायला लागली, म्हणजे कॉम्प्युटर जिवंत होता. पेटी पडली हलकी, ती दोघांचा भार घेत नसे, म्हणून वायरमनने पडद्याची वायर भिंतीत आणि कॉम्प्युटरची पेटीत लावून दिली होती. विकणारा म्हणाला होता पंधरा मिनिटं चालेल. चालायची दहा.

बाहेरून कमलाकांत ओरडला, "ताई, बंद करून टाका! लाईट कधी येईल देव जाणे."

बंद करायचं? आणि पाच वाजता साहेबांच्या हातात काय द्यायचं, नारळ? जमुनाच्या अंगात आलं. अंधारात टाइप करायचं ना? मग अंधारात या कारखान्यात आपला हात धरणारा आहे कोण! चौदा वर्षं हेच तर केलं. तिने तडातडा वरची ओळ मारली. प्रति, श्री. मूर्तिकर.

"नवसे, सांग नावं."

"अगं पण तुला दिसतंय काय?"

"दिसत नाही. तू सांग. गेटावर रोज जशा उभ्या राहता, तशाच सांग."

नवसीने डोळे मिटले असावेत, कारण तिचा आवाज एकदम फाटकापाशी गेल्यासारखा झाला. "म्होरं लाडकी सोमा धोडी. तिच्या मागं ठमी लखमा वाडू. मंग राही. राही बाबल्या काटेला. राही लई उंच हाय, म्हून ती बाजूला उभी ऱ्हाते. मंग साखर देवजी…"

"उंची नको, नाव सांग."

"मंग काळी रुपजी धोडी…"

बोटं धावत होती. दर नावापाठी उजवी करंगळी पुढच्या ओळीची कळ दाबत होती. खोली तापायला लागली. कानाजवळ डास, खाली पेटीचं टूं टूं. जमुनाला मात्र महिनाभरात पहिल्यांदा मोकळं वाटत होतं. पडदा नाही, चूक दाखवणारा कोणी नाही, नुसता अंधार, एक आवाज आणि आपली बोटं. अहाहा!

पेटीचा आवाज बदलला. मधली उसंत कमी झाली. टूं-टूं-टूं.

"…आन् शेवटाला बुधी लखमा धोडी. झालं बाय."

जमुनाची करंगळी थांबली. तीस वेळा दाबलं होतं, तीस. करंगळी चुकत नाही.

"एक राहिली, नवसे. एकतीस पाहिजेत."

"नाय गं. समद्या झाल्या. परत सांगू काय? लाडकी, ठमी, राही…"

आणि त्याच क्षणी दोन गोष्टी जमुनाच्या लक्षात आल्या. एक म्हणजे मोजणारीने स्वतःला मोजलंच नव्हतं. आणि दुसरी, तिच्या बोटांना आठवलं की वरची ओळ मारताना वेलांटी आधी पडली होती. 'प्रति' मध्ये आधी, 'मूर्तिकर' मध्येही आधी. रफार मागून. अंधार झाला आणि बोटं सरळ पालघरच्या माडीवर, सरांच्या लाकडी पेटीखाली जाऊन बसली होती.

बॅटरीची पेटी आता एकसुरी किंचाळत होती, म्हणजे राहिलं मिनिटभर, फार तर. वर जाऊन साहेबांचं नाव नीट करावं, की खाली एकतिसावं नाव घालावं? दोन्हीला वेळ नव्हता. वर जायचं तर अंधारात ओळ शोधायची, अक्षरं पुसायची, पुन्हा मारायची. खाली फक्त मारायचं. पण साहेबांचं नाव म्हणजे तिची खुर्ची होती. नवसीला पुन्हा कधी घालता येईल… कधी? कागद पाचला पालघरला निघणार. एक तारखेला फाटकात हिलाच अडवतील. तीस जणींना घेऊन येणारी ही, आणि हीच बाहेर!

नाव तिला विचारावंही लागलं नाही. चौदा वर्षं बस पॅकिंगच्या फाटकापाशी आली की वॉचमन पुकारायचा आणि जमुनाची बोटं बसच्या दांडीवर ते उमटवायची. नवसी देवू वरठा. बोटांनी ते आपणहून मारलं. मग कंट्रोल दाबून के, मग एस. जपून ठेवण्याची खूण. आत कुठेतरी कुरकुर झाली, आणि पेटीने मान टाकली.

"झालं काय?" नवसीने अंधारातून विचारलं.

"झालं," जमुना म्हणाली.

दिवे आले ते साहेबांबरोबरच, पाचला दहा कमी असताना. साहेब घाईत, बाहेर जीप सुरू. कमलाकांतने मशीन चालू केलं, यादी उघडली.

"साहेब, दोन मिनिटं द्या, वरची ओळ फक्त—"

"वेळ नाही, बाई. छापा!"

प्रिंटर करकरला. साहेबांनी कागद ओढून घेतला, चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचायला गेले. "प्रित, श्री. मूत…" पुढे त्यांना वाचवेना. कागदावर स्वच्छ अक्षरांत होतं: 'प्रित, श्री. मूतर्कर'. 'मू'ला आधीच दीर्घ ऊकार असल्याने वेलांटी मशीनने गिळून टाकली होती आणि रफार एक घर पुढे सरकला होता. कमलाकांतने ओठ दाबले. दारातल्या ड्रायव्हरला ते जमलं नाही, तो फस्सकन हसला. संपलं!

साहेब काळेनिळे झाले. एकेक नाव खालपर्यंत वाचत गेले. लाडकी, ठमी, राही, साखर, काळी, बुधी, नवसी. एकही चूक नाही. असणार कुठून? त्या बायकांच्या नावांत वेलांट्या सगळ्या दीर्घ, आणि दीर्घ वेलांटी टाइपरायटरवरही मागूनच येते. रफार तर एकीच्याही नशिबी नव्हता. पण हे साहेबांना कोण सांगणार?

"एकतीस बायकांची नावं बिनचूक," ते हळू आवाजात म्हणाले, "आणि चुकायला माझंच नाव सापडलं तुम्हाला? मुद्दाम केलंत?"

"नाही हो साहेब! वेलांटी आधी पडली. टाइपरायटरवर आधी असते ना… अंधार होता."

"अंधारात तर तुम्हाला दिसतं, घोडकेबाई."

"दिसत नाही, साहेब. कधीच दिसत नव्हतं. अंधारात जुनंच हाताला लागतं."

साहेबांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. कदाचित त्यांना कळलंही असेल. पण दारात ड्रायव्हर अजून खोकल्याच्या नावाखाली हसत होता. "कमलाकांत, नीट करून द्या," ते म्हणाले. "आणि खाली बत्तिसावं नाव घाला. एक तारखेपासून पॅकिंगच्या फाटकाने घोडकेबाईंनाही यायचंय."

कमलाकांतने वरची ओळ नीट केली, मग खुर्चीवरून उठला. त्याला स्वतःला ते लिहिण्याची लाज वाटली असावी. "ताई, तुम्हीच घाला," तो म्हणाला.

जमुना बसली. जमुना रामकिसन घोडके. रामकिसनमध्ये ऱ्हस्व वेलांटी आहे. या वेळी तिने आधी क मारला, मग वेलांटी. बरोबर जागी बसली. इतकं सोपं होतं! तेव्हा कुठे तिचे डोळे भरून आले, आणि पडदा समोर असून तिला काही दिसेना.

घरी तिने भाकरी थापायला घेतल्या. "तू त्या बाईचं नाव आधी का घातलंस?" रामकिसनने विचारलं. त्याला तिने सगळं सांगितलं होतं. नवसीला मात्र तिने ते कधीच सांगितलं नाही. "तिचं राहिलं होतं म्हणून," जमुना फटकन म्हणाली, आणि परातीवर तिची बोटं तेच वाक्य पुन्हा पुन्हा मारत राहिली.

एक तारखेला सकाळी सातला ती पॅकिंगच्या फाटकावर गेली. ट्रक येऊन लागला होता. बायकांनी तिच्याकडे पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं. जमुनाला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तेवढ्यात नवसी आली, तिच्या दंडाला धरून, पूर्ण नाव विचारून घेत रांगेच्या शेवटी घेऊन गेली.

"हितं उभी ऱ्हा. बुधीच्या मागं. ही तुजी जागा."

वॉचमन शिवाजीकडे यादी होती, पण चष्मा घरी राहिला होता. कागद लांब धरून, जवळ धरून त्याने पाहिला आणि शेवटी म्हणाला, "नवसी, तूच पुकार. मी माणसं मोजतो. बत्तीस झाली पाहिजेत."

नवसी फाटकाला टेकून उभी राहिली. "लाडकी सोमा धोडी. ठमी लखमा वाडू. राही बाबल्या काटेला…" एकेक बाई आत जात होती. जमुनाची बोटं डब्याच्या झाकणावर चालू झाली होती, करंगळी मोजत होती. "…बुधी लखमा धोडी. जमुना रामकिसन घोडके. झालं."

"एकतीसच झाल्या," शिवाजी म्हणाला. "एक कुठाय?"

"नाय रं, समद्या झाल्या. परत सांगू काय?"

जमुना फाटकातून आत गेली होती, ती वळली. चौदा वर्षं जे नाव तिने नुसतं बोटांनी म्हटलं होतं, ते ती मोठ्याने, शेडच्या पत्र्यावर आदळेल असं म्हणाली, "नवसी देवू वरठा!"

नवसी दचकली. "मी? मी तं हायेच की हितं."

"असशील," जमुना म्हणाली. "तरी नाव सांगायचं. ये आत."